विट्याहून माघारी आलेला कंट्रोलर

दिलेला कंट्रोलर परत घ्यायचा नसतो आणि का, ते विचारायचं नसतं. त्यामुळे विट्याला दिलेला व्हिडिओ गेमचा निळा कंट्रोलर मंगळवारी सकाळी एकटाच एसटीने कराडला माघारी आला, तेव्हा डुबलांच्या दारात त्याला कोणी 'आत ये' म्हणालं नाही.

तो उंबऱ्यावर पडून होता. कंडक्टरने दिलेलं अर्धं तिकीट त्याच्या मागच्या बटणात खोचलेलं होतं. स्टँडवरून पायी आला की रिक्षाने, ते त्याने सांगितलं नाही. सुलभा आत्या दाराबाहेर पाणी शिंपडायला आली आणि तिच्या हातातला तांब्या खाली पडला.

"अगं बाई! अंगावर कव्हरसुद्धा नाही! सगळ्या कॉलनीतून असाच आला का हा?"

आत्याचा आवाज ऐकून शर्वाणी तोंडातला ब्रश तसाच ठेवून बाहेर आली. ती इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला होती आणि परीक्षा आठवड्यावर आली होती. तिने कंट्रोलरला उचललं. हाताला तो लगेच ओळखू आला. नऊ वर्षांची असताना तिनेच त्याला खोक्यातून बाहेर काढलं होतं, तिच्याच अंगठ्याने त्याची पहिली जोडणी झाली होती, आणि पुढची दहा वर्षं शाळा-कॉलेजातून आल्यावर तिने दप्तराआधी त्यालाच हातात घेतलं होतं.

"खाली ठेव त्याला," आत्या म्हणाली. "आबांना विचारल्याशिवाय आत आणू नकोस."

"आत्या, तो थरथरतोय."

"थरथरू दे. न सांगता आलं की थरथरायला होतंच."

शर्वाणीने त्याला आत आणलं.

दोन वर्षांपूर्वी त्याला विट्याच्या साळुंख्यांकडे दिलं होतं. स्थळ दत्तोबाकाकांनी सुचवलेलं. साळुंख्यांकडे मोठा टीव्ही, नवा कन्सोल, घरात चार खेळणारे, कशाची ददात नाही. कंट्रोलर बिनतारी असला तरी नातं बिनतारी नसतं, असं दत्तोबाकाका प्रत्येक बैठकीत म्हणत. रीत सगळ्यांना ठाऊक आहे: ज्या अंगठ्याने कंट्रोलर पहिल्यांदा जोडला, त्याच अंगठ्याने तो दुसऱ्या घरी जोडायचा. दुसरा कुठलाही अंगठा चालत नाही. म्हणून शर्वाणीला विट्याला नेलं होतं. सगळे हातात अक्षता घेऊन उभे होते. तिने विचारलं होतं, "पण का द्यायचा? आपल्याकडे नीट आहे की."

"'का' विचारायचं नाही," आबा म्हणाले होते. "दाब."

आणि तिने दाबलं होतं. तीन सेकंद. दिवा लुकलुकला, मग स्थिर झाला. डोक्यावर अक्षता पडल्या. परतीच्या गाडीत ती एक अक्षर बोलली नव्हती, आणि आत्याने सगळ्यांना सांगितलं होतं की पोर किती शहाणी झाली बघा.

आता तिने त्याला टेबलावर उताणं ठेवलं आणि दिव्याखाली तपासलं. उजवा कोपरा फुटला होता. चार्जिंगच्या भोकात पोह्याचा दाणा सुकून बसला होता. वरचं एक बटण आत गेलेलं, ते वर येत नव्हतं. अंगठ्याने ढकलायची डावी स्टिक हात न लावताच एका बाजूला कलली होती.

"मम्मी," तिने हाक मारली. मम्मी पदराला हात पुसत आली, एकदा बघितलं आणि स्वयंपाकघरात परत गेली.

संध्याकाळी पाचला बैठक बसली. आबा म्हणजे शर्वाणीचे आजोबा मधल्या खुर्चीवर, शेजारी दत्तोबाकाका, त्यांच्या शेजारी सुलभा आत्या. इतिवृत्त लिहायचं काम पप्पांकडे होतं, कारण ते जिल्हा परिषदेत कारकून होते आणि त्यांचं अक्षर चांगलं होतं. विट्याहून साळुंखे स्वतः आले होते, पेढे घेऊन. कंट्रोलर समोर पाटावर होता.

"आधी हे ठरवू," आबा म्हणाले, "की तो आला कोणाला विचारून?"

"कोणालाही नाही," साळुंखे म्हणाले. "सकाळी मुलं खेळायला बसली, बघतात तर याची जागा रिकामी. आम्हाला धक्काच बसला, आबासाहेब. चार माणसांत तोंड दाखवायची सोय नाही राहिली."

कंट्रोलर थरथरला. पप्पांनी लिहिलं: कंट्रोलर थरथरला. नोंद घेतली.

"त्याचा कोपरा कसा फुटला?" शर्वाणीने विचारलं. ती दाराला टेकून उभी होती. तिला बोलावलं नव्हतं.

"हा तुझा विषय नाही," आत्या म्हणाली.

"असू द्या, विचारू द्या," साळुंखे हसले. "मॅच हरलं की माणूस फेकतोच काहीतरी, बाळा. पोरं तरणी आहेत. मुद्दाम नाही करत कोणी."

"आणि चार्जिंग?"

"सगळ्यांचे फोन झाले की उरलेल्या वायरवर लावतोच की. कधी कधी राहून जातं. पण याने कधी तक्रार केली नाही."

"ऐकलंस?" दत्तोबाकाका शर्वाणीकडे वळले. "तक्रारच नाही. खानदानी कंट्रोलर असा असतो. आजकालचे बघा, जरा बॅटरी उतरली की बीप बीप."

"काका, त्याची स्टिक गेलीय. आपोआप एकीकडे ओढतेय."

"ओढतेय म्हणजे ओढ आहे," आबा म्हणाले. "चांगलंच आहे. कुठे ओढतेय ते बघू. टीव्ही लावा."

टीव्ही लावला. जुना कन्सोल दोन वर्षांनी सुरू झाला. त्याने निळ्याला ओळखलं की नाही कोण जाणे, पण त्याची जुनी जोडणी पुसलेली नव्हती. दिवा लागला. पडद्यावर एक माणूस मोकळ्या मैदानात उभा राहिला आणि कोणी हात न लावता डावीकडे चालू लागला. चालत चालत भिंतीला जाऊन धडकला, आणि धडकल्यावरही चालतच राहिला.

"बघा!" आबांचा चेहरा खुलला. "विट्याकडे निघाला!"

"आबा, टीव्ही उत्तरेच्या भिंतीला आहे. विटा उजवीकडे येतो. डावीकडे पाटण आहे."

खोलीतल्या सगळ्यांनी एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे. पप्पांनी 'विट्याकडे' हा शब्द लिहिला होता, तो खोडला.

"पाटणला कोण आहे आपलं?" आत्याने दचकून विचारलं. "कोणाच्या नादी तर नाही ना लागला हा?"

"आत्या, तो मोडलाय! कोणाच्या नादी नाही लागला, मोडलाय!"

"आवाज खाली," पप्पा वर न बघता म्हणाले.

आत्या मात्र आता सुटली होती. तिने शोकेसकडे बोट दाखवलं. तिथे पांढरा कंट्रोलर होता, मागच्या दिवाळीत आणलेला, प्लॅस्टिकसुद्धा न काढलेला. "या शहाण्याचं ठीक आहे, पण त्या पांढऱ्याचा कोणी विचार केला का? निळा माघारी आला हे कळल्यावर त्याला कुठलं घर मिळणार? उंडाळ्याचे लोक रविवारी बघायला यायचेत!"

हे मात्र सगळ्यांना पटलं. बराच वेळ पांढऱ्याबद्दल चर्चा झाली. त्यात असं ठरलं की निळ्याने थोडं सोसावं, साळुंख्यांनी फेकताना थोडं बघून फेकावं, आणि आजच, बुधवार लागायच्या आत, घर सोडल्याने तुटलेली जोडणी पुन्हा करून त्याला विट्याला पाठवावं.

शर्वाणीला एवढ्यात एक गोष्ट सुचली. तिला ती आधीच सुचायला हवी होती.

"काका," तिने साळुंख्यांना विचारलं, "खेळणारे चार आहेत ना तुमच्याकडे? मग बाकीचे तीन कंट्रोलर कसे आहेत?"

"बाकीचे?"

"हो. त्यांनाही फेकत असाल ना?"

"फेकतात की. सगळ्यांना सारखंच, आमच्यात भेदभाव नाही."

"मग ते कसे आहेत?"

साळुंख्यांनी पेढ्याच्या खोक्याचा दोरा बोटाला गुंडाळला. "सध्या नाहीत," ते म्हणाले.

"नाहीत म्हणजे?"

"एक मलकापूरचा होता, एक औंधचा. तिसरा कुठला ते आठवत नाही, दत्तोबांनीच आणला होता. चांगले होते तिघंही. हाच काय तो टिकला. म्हणून तर आम्हाला हाच पाहिजे."

पप्पांचं पेन थांबलं. शर्वाणी दारातून एक पाऊल आत आली. तिने दत्तोबाकाकांकडे बघितलं. ते पंख्याकडे बघत होते.

"तुम्हाला माहीत होतं?"

"अगं, स्थळ चांगलं होतं," दत्तोबाकाका म्हणाले. "छप्पन्न इंची टीव्ही आहे."

कंट्रोलर पाटावर थरथरला, आणि या वेळी थांबला नाही. पाटाचा लाकडी आवाज खोलीभर येत राहिला. आबांनी घसा साफ केला.

"जे झालं ते झालं. नशीब ज्याचं त्याचं. निळा टिकलाय ना, म्हणजे त्याच्यात सोसायची ताकद आहे. शर्वाणी, ये इकडे. कन्सोल साळुंख्यांच्या गाडीत आहे. पप्पा आत आणतील. तू अंगठा लाव आणि अभ्यासाला जा."

सुलभा आत्याने मुठीत अक्षता तयार ठेवल्या होत्या.

शर्वाणी पुढे आली. सगळे जरा सरकून बसले, तिला जागा करून दिली. तिने पाटावरून निळ्याला उचललं. तिच्या अंगठ्याने दहा वर्षांत घासून गुळगुळीत केलेली जागा अजून होती, तशीच. साळुंख्यांनी नव्या कोऱ्या रुमालाची घडी मोडून मांडीवर पसरली, न्यायला.

"तीन सेकंद," आबा म्हणाले. "मागच्यासारखं."

"मागच्यासारखं नाही," शर्वाणी म्हणाली. "मागे मी 'का' विचारलं होतं. तुम्ही सांगितलं नाही, तरी मी दाबलं. ते माझ्या अंगठ्याचं पाप आहे. आज मी 'का' विचारत नाही. मी दाबत नाही."

"दुसरा अंगठा चालत नाही हे तुला ठाऊक आहे," आबा म्हणाले.

"ठाऊक आहे. म्हणूनच सांगतेय."

"पांढऱ्याचा तरी विचार कर गं!" आत्या कळवळली.

"पांढऱ्याचं प्लॅस्टिक मी काढणार आहे. तोही इथेच राहील. उंडाळ्याच्या लोकांना चहा द्या आणि पाठवा."

आबांना आजवर कधी 'का' याचं उत्तर द्यावं लागलं नव्हतं, आणि 'नाही' याला काय उत्तर द्यायचं असतं ते त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. दत्तोबाकाका पंख्यावरून नजर काढेनात. आत्याच्या मुठीतून दोन अक्षता फरशीवर पडल्या. पप्पांनी वहीकडे बघितलं, पण असं काही कुठल्या शब्दांत नोंदवतात ते त्यांना आठवेना.

मम्मी स्वयंपाकघरातून आली. तिच्या हातात टाचणी आणि चार्जिंगची वायर होती. तिने शर्वाणीकडून निळ्याला घेतलं, टाचणीने पोह्याचा दाणा अलगद काढला आणि वायर लावली.

थरथर थांबली. पडद्यावरचा माणूस डावीकडच्या भिंतीला धडकत राहिला, आणि त्याला थांब असं कोणी म्हणालं नाही.