तोफ, कट्यार आणि राणीसाहेबांची तसबीर

श्री. विघ्नहर्त्यास वंदन, शारदेस वंदन, आणि ज्या सूर्यनारायणाच्या उजेडावाचून कोणाचीही तसबीर उमटत नाही त्यास त्रिवार वंदन करून ही हकीकत लिहिली जाते. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभन नाम संवत्सर, चैत्र मास. घाटमाथ्यावर एक राज्य होते. राज्य म्हणावे तर खाली दोन खोल्या, वर एक माडी, पुढे जास्वंद आणि मागे धुणे वाळत घालावयाची दोरी इतकाच मुलूख, परंतु बंदोबस्त चोख. धनी श्रीमंत निवासराव, सरकारी चाकरीतून मोकळे झालेले, रागास लवकर चढणारे आणि त्याहून लवकर उतरणारे. पट्टराणी शालनबाईसाहेब, आणि एक कन्या केतकीबाई, जिभेने तिखट. त्या राज्यात रिवाज ऐसा की लग्न असो, बारसे असो, सहल असो, तसबीर काढावी ती राणीसाहेबांनीच. त्यांचा हात स्थिर आणि नजर नेमकी. श्रीमंतांनी यंत्र हाती घेतले की कोपऱ्यात त्यांचा अंगठा यावयाचाच. सूर्यास्त काढला तरी अंगठा, व्याही-विहीण काढले तरी अंगठा, आणि केतकीबाई त्यास 'श्रीमंतांची मुद्रा' म्हणत. मग त्यांच्या हाती यंत्र देणे आपोआप बंद जाहले.

पुढे राणीसाहेबांचे गुडघे दुखू लागले आणि वैद्यांनी पाण्यात चालावयास सांगितले. राणीसाहेब नगराच्या पोहण्याच्या तलावात चालावयास उतरल्या त्या पोहू लागल्या, आणि पोहू लागल्या त्या थांबेनात. पन्नाशी उलटलेली बाई माशासारखी पाणी कापते हे पाहून तलावावरील मंडळी तोंडात बोटे घालती झाली. श्रीमंत रोज संध्याकाळी तलावाच्या कठड्याबाहेर उभे राहून पाहात. आत येत नसत, कारण त्यांस पाण्याचे भय. पाणी म्हणजे तांब्यातले, फार तर बादलीतले, याउपर पाण्याशी त्यांचा सलोखा नव्हता. मग मार्गशीर्षात समुद्रात पोहण्याची मोठी शर्यत आहे, ऐसे वर्तमान आले आणि राणीसाहेबांनी नाव दिले. तलावाच्या मंडळींनी फलकावर लावण्यास त्यांची एक चांगली तसबीर मागितली. झाले. कपाटातील सारे आल्बम खाली आले, मोबाइल धुंडाळले, आणि काय आश्चर्य सांगावे, राज्यात सर्वांच्या तसबिरी होत्या, मोलकरणीच्या मांजराचीही होती, परंतु राणीसाहेबांची एक नव्हती. होती ती आधार कार्डावरील, ती पाहून राणीसाहेब स्वतःच दचकल्या. मग हसून बोलल्या, "मी कशी असणार त्यात? काढत तर मीच होते." आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून आत गेल्या.

श्रीमंतांच्या काळजात चर्र जाहले. इतकी वर्षे राणी राज्यात असून राज्याच्या चित्रशाळेत नाही, आणि ही गोष्ट आपल्या ध्यानी आली नाही, याची त्यांस फार लाज वाटली. त्याच घडीस त्यांनी मनाशी पण केला की समुद्रातील शर्यतीचे दिवशी राणीची तसबीर काढावी, आपल्या हाताने काढावी, आणि तिला आधी कळू नये. परंतु अडचण ऐसी की यंत्रांतले ज्यास कळते ऐसे माणूस राज्यात एकच, आणि तिलाच विचारावयाचे नाही. मोबाइलने काढावे तर तलावावर एकदा काढून पाहिले होते, त्यात राणीसाहेब मोहरीएवढ्या आणि अंगठा भोपळ्याएवढा. मग श्रीमंतांनी राणीसाहेब तलावावर गेल्या असता माडीवर खलबत भरविले. राणीसाहेबांचे बंधू सर्जेराव आले, आणि केतकीबाई पाय पसरून बसल्या.

सर्जेराव मोठे उत्साही. बाजारात दोन यंत्रे पाहून आलेले. पहिल्याचे वर्णन करताना उठून उभे राहिले. "दाजी, मी सांगतो ते ऐका. हे बघा, एवढं थोराड, हातात धरलं की माणूस भारी दिसतो. बटण दाबलं की सोंड अशी बाहेर येते, आणि लांबचं साठ पट जवळ. चंद्रावरचे खड्डे दिसतात. तुम्ही काठावर खुर्ची टाकून बसा, अक्का मैलभर लांब असू दे, तिच्या कपाळावरचं पाणी मोजून घ्या." या यंत्रास दरबारी 'तोफ' ऐसे नाव पडले. मग केतकीबाई बोलल्या, "मामा, समुद्र आहे तो. लाटा येतात, वाळू उडते. दुसरं यंत्र बघा की. मुठीत मावतं, पाण्यात बुडवा, दगडावर आपटा, काही होत नाही. बाबांच्या हातात आपटणारच आहे." त्यास 'कट्यार' ऐसे नाव पडले. सर्जेराव म्हणाले, कट्यारीचा पल्ला किती? घरातल्या घरात. केतकीबाई म्हणाल्या, मग जवळ जायचं. यावर श्रीमंतांनी आपले पाय हळूच जवळ ओढून घेतले. मग खासा स्वारी बाजारात गेली आणि श्रीमंतांनी दुकानदारास पुसले की दोन्ही गुण एकाच यंत्रात मिळतील काय. दुकानदार मोठा अनुभवी. तो बोलला, "साहेब, एक तर लांबचं बघंल, न्हाईतर पाण्यात जाईल. दोन्ही करणारं अजून जन्मलं न्हाई."

श्रीमंतांनी तोफ हाती घेतली, रस्त्यापलीकडील देवळाच्या कळसावर रोखली, तो कळसावरील कावळ्याचा डोळा दिसला. श्रीमंत लहान मुलासारखे हरखले. कट्यारीतून पाहिले तो कावळा म्हणजे ठिपका. श्रीमंत बोलले, "तोफच." बाहेर कारण सांगितले पल्ल्याचे. आतले कारण निराळे. तोफ असली म्हणजे कोरड्या खडकावर उभे राहून काम होते, पायाच्या बोटासही पाणी लागत नाही, आणि हे कारण त्यांनी स्वतःसही नीट सांगितले नाही. केतकीबाई एकवार बापाकडे पाहून गप्प राहिल्या. त्या गप्प राहतात तेव्हा काही तरी शिजत असते, हे ओळखावयास हवे होते, परंतु तोफेच्या आनंदात कोणास सुचणार.

मग दसरा आला. राज्याचा रिवाज ऐसा की नवे हत्यार घरात आले की शस्त्रपूजेवाचून त्यास हात लावू नये. स्कूटर आली तेव्हा पूजिली, मिक्सर आला तेव्हा पूजिला, मग तोफेस कसे वगळावे? राणीसाहेब सोने वाटावयास शेजारी गेल्या हे पाहून सर्जेरावांनी पाट मांडला. तोफ निजलेली पूजू नये, जागी पूजावी, ऐसे त्यांनी शास्त्र काढले आणि बटण दाबून सोंड पुरी बाहेर काढविली. मग सोंडेस गंध लाविले, झेंडू वाहिला, आणि कुंकवात भिजवलेल्या अक्षता मूठभर उधळल्या, काही पाटावर पडल्या, काही कोठे पडल्या ते कोणी पाहिले नाही. नारळ फोडला. मग बटण दाबले तो सोंड आत जाताना कर्र ऐसा आवाज जाहला. श्रीमंत चरकले. सर्जेराव म्हणाले, "नवं आहे दाजी. नवी चप्पलपण वाजते." आणि वर आणखी एक गोष्ट ठरविली की या तोफेचा पहिला बार राणीसाहेबांवरच झाला पाहिजे, तोवर कावळा नाही, कळस नाही, काही नाही. श्रीमंतांस हे फार आवडले. मग तोफ माडीवरील गाद्यांच्या ढिगात लपविली. श्रीमंत दिवसाकाठी एकदा जाऊन गादीवरून हात फिरवून येत.

मार्गशीर्ष लागला आणि राज्य घाट उतरून समुद्रकाठी दाखल जाहले. काय तो दिवस सांगावा. किनाऱ्यावर पताका, ढोल, भज्यांचे घाणे, आणि लोक इतके की वाळू दिसेना. शर्यत पलीकडील खाडीच्या तोंडापासून या किनाऱ्यापर्यंत. राणीसाहेब अंगास तेल लावून निघाल्या, केतकीबाई टॉवेल घेऊन त्यांचेसोबत पलीकडे निघाल्या. जाताना श्रीमंतांस एकीकडे घेऊन त्यांच्या खिशात काही घातले. श्रीमंतांनी चाचपले, तो तांबड्या रंगाची कट्यार. "कुठनं आणलीस?" "माझी आहे. मामांची तोफ उडाली तर चांगलंच. नाही उडाली तर ही असू दे. दोरी मनगटात घाला, बाबा." ऐसे बोलून केतकीबाई गेल्या. श्रीमंतांस थोडा राग आला, परंतु दोरी मनगटात घातली.

मग खडकावर मोर्चा बांधला. सर्जेराव नवे बूट घालून सर्वांत उंच खडकावर, शेजारी श्रीमंत, हाती तोफ. लांब पाण्यावर नारिंगी टोप्या दिसू लागल्या आणि ढोल घुमू लागले. श्रीमंतांनी तोफ टोप्यांकडे रोखली. त्यांनी देवाचे नाव घेऊन बटण दाबले. कर्र. सोंड बोटभर बाहेर आली आणि अडली. पुन्हा दाबले. कर्र, कर्र, आणि पडदा काळा. सर्जेरावांनी फुंकर घातली, थोपटले, अक्काची शपथ घातली, काही उपयोग जाहला नाही. श्रीमंतांनी तोफ डोळ्यांजवळ धरून पाहिले, तो सोंडेच्या फटीत काही तांबडे रुतून बसलेले. तो दसऱ्याच्या अक्षतेचा दाणा होता. सर्जेराव पडेल आवाजात बोलले, "दाजी, देवाचं केलं ते चुकलं म्हणायचं का?" श्रीमंत बोलले, "देवाचं नाही चुकलं. आपण एकदा उडवून बघायला पाहिजे होती."

आता टोप्या जवळ आल्या. साऱ्या बायकांच्या टोप्या नारिंगी, सारे हात सारखे वर येणारे, यांत आपली कोण हे कोणी ओळखावे? परंतु श्रीमंत रोज कठड्याबाहेर उभे राहिलेले होते. श्वास घेण्यास राणीसाहेब डावीकडे वळत आणि वळताना उजवा खांदा किंचित अडखळे, लहानपणी विहिरीच्या पायरीवर पडल्या होत्या तेव्हापासूनचा. तो खांदा श्रीमंतांनी हजारांत ओळखला. कट्यार रोखली, तो राणीसाहेब पडद्यावर मोहरीएवढ्या. केतकीबाईंचा बोल आठवला की मग जवळ जायचं. श्रीमंतांनी वहाणा काढल्या. सर्जेराव ओरडले, "दाजी, कुठं चाललाय? तुम्हाला पोहता येत नाही." श्रीमंत खडकावरून वाळूत उतरले आणि वाळूतून पाण्यात. पाणी घोट्यास लागले आणि विजार वर ओढली, गुडघ्यास लागले आणि रामनाम सुरू झाले, कमरेस लागले तेव्हा एकवार परत फिरावेसे वाटले, आणि छातीस लागले तेव्हा भय इतके जाहले की त्यापुढे आणखी भिण्यास जागाच उरली नाही. मग पूर्ण बाह्यांचा इस्त्रीचा सदरा घातलेले ते श्रीमंत, गळ्याइतक्या समुद्रात उभे राहून, साऱ्या मुलखास ऐकू जाईल ऐसे ओरडले, "शालन, इकडं बघ."

राणीसाहेबांनी मान वर केली. तलावाच्या कठड्याआत पाय न टाकणारा आपला नवरा समुद्रात उभा पाहून त्यांस आधी खरे वाटेना, मग त्या तोंड भरून हसल्या, दातांपर्यंत, डोळ्यांपर्यंत, कोण पाहते याची पर्वा न करता जन्मात एकदा माणूस हसते तैशा. श्रीमंतांनी कळ दाबली आणि त्याच क्षणी लाट आली. श्रीमंत आत, सदरा वर. नाकातोंडात पाणी, दिशा कळेना, परंतु मूठ सुटली नाही. मग कोणी कॉलर धरून त्यांस वर ओढले. "अहो, ते सोडा आणि मला धरा." "तेवढं सोडणार नाही." "मग निदान पाय तरी मारा." राणीसाहेबांनी एका हाताने समुद्र आणि दुसऱ्या हाताने श्रीमंत ऐसे दोन्ही सांभाळून किनारा गाठला. मागून आलेल्या कितीएक बायका पुढे निघून गेल्या. पंचांनी नियम चाळले. स्पर्धकास कोणी धरले तर तो बाद, हे कलम होते, स्पर्धकाने कोणास धरले तर काय, हे कलम सापडेना. मग शर्यत पुरी केल्याचे पदक त्यांनी गळ्यात घातले आणि लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. सर्जेराव नवे बूट घालूनच पाण्यात धावत आले होते, ते रडत होते.

केतकीबाई आल्या आणि साऱ्यांनी कट्यारीच्या पडद्यावर माना घातल्या. समुद्र निळा, आभाळ तिरके, थेंब हवेत थबकलेले, आणि मधोमध राणीसाहेबांचा चेहरा, ऐसा की पाहणाऱ्यासही हसू फुटावे. आणि डाव्या कोपऱ्यात अंगठा. श्रीमंतांचे तोंड उतरले. इतके करून पुन्हा अंगठाच. ओल्या सदऱ्यात ते एकदम म्हातारे दिसू लागले. केतकीबाई घाईने बोलल्या, "बाबा, कापून टाकता येतो. एका मिनिटाचं काम." राणीसाहेबांनी यंत्र आपल्या हाती घेतले आणि टॉवेलाने पडद्यावरील थेंब पुसले. मग बोलल्या, "कापायचा नाही. एवढी वर्षं फोटो मी काढले, कुठल्याच फोटोत मी कुणाला दिसले नाही. हा राहू दे. कुणी काढला ते दिसू दे."

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. तोफेतील दाणा कारागिराने चिमट्याने काढिला, सांप्रत राणीसाहेब त्या तोफेने कळसावरील कावळे टिपतात आणि सर्जेराव शेजारी उभे राहून पल्ला सांगतात. कट्यार श्रीमंतांच्या कमरेस, आणि श्रीमंत रोज संध्याकाळी तलावात कठड्याच्या आत, काठाची नळी धरून पाय मारतात. तसबीर चित्रशाळेत भिंतीवर मधोमध लाविली आहे. पाहावयास येणारे आधी राणीसाहेब पाहतात, मग कोपऱ्याकडे बोट करून हे काय म्हणून पुसतात, आणि राणीसाहेब म्हणतात, हे आमचे. लेखन येथे पुरे. मोर्तब अंगठ्याचे.