बोटांसाठी दात

मार्तंडपंत भाटे पहाटे उठत आणि त्यांची बोटं दहाच्या सुमाराला उठत. मधल्या वेळात त्यांची पत्नी सुचित्राबाई त्यांच्या धोतराचा काष्टा खोचून देत, चहाची कपबशी तोंडाशी धरत, आणि हे शेजारच्या सोनाबाईला दिसू नये म्हणून पडवीचं दार लावून घेत. मग ऊन पाण्याचं घंगाळ पुढे येई. पंत त्यात दोन्ही हात बुडवून बसत आणि बोटं एकेक करून हलायला लागण्याची वाट बघत.

दिवाळीपर्यंत असं काही नव्हतं. श्रीवर्धनात सुपारीच्या बागा पुष्कळ, पण अडकित्ता चालवावा तर मार्तंडपंतांनीच, असं म्हणत. मग दोन्ही हातांची पेरं एकाच वेळी सुजली, जणू आपसांत ठरवून. पंत आगबोटीने मुंबईला गेले. तिथल्या डॉक्टरने एकेक सांधा दाबून पाहिला, पंत ओरडले की समाधानाने मान हलवली आणि शेवटी एक लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं.

"म्हणजे संधिवातच ना?" पंतांनी विचारलं.

"संधिवातच. पण हा पाहुणा जायला आलेला नाही."

पंतांनी ही गोष्ट घराबाहेर जाऊ दिली नाही. कारण त्यांची मुलगी कुमुद. तिला बोर्ली पंचतनच्या यज्ञेश्वरपंत लिमयांच्या सदाशिवाने पसंत केलं होतं, पत्रिका जुळली होती, फाल्गुनात सुपारी फुटायची होती. एखाद्याची बोटं वाकडी झाली म्हटलं की लोकांच्या मनात पहिल्यांदा कोणता रोग येतो, हे पंत जाणून होते. हा तो महारोग नव्हे, असं पंचक्रोशीला पटवत बसेपर्यंत लिमये दुसऱ्या घरी पानसुपारी खाऊन आले असते.

त्यात सुपारी फोडायची म्हणजे भाट्यांच्या घरी नुसती बोलायची गोष्ट नव्हती. मुलीच्या बापाने आपल्याच बागेतला रोठा, म्हणजे टणक मोठी सुपारी, आपल्या अडकित्त्याने एका दाबात दुभंगायचा. अर्धी फाक व्याह्याची, अर्धी आपली. दोघांनी ती तोंडात टाकायची आणि दोन्हीकडून कडकन आवाज आला की शब्द पक्का. हात धड असताना पंतांनीच ही रीत यज्ञेश्वरपंतांना इतकी रंगवून सांगितली होती, की आता ती विसरा म्हणायची सोय उरली नव्हती.

"मुहूर्त दुपारचा काढायला सांगा की," सुचित्राबाई म्हणाल्या.

"दुपारी कोण सुपारी फोडतं? शंका येईल त्यांना."

"मग हातांना निर्गुंडीचा शेक घ्या. एरंडेल घ्या."

"ते सगळं झालं. मी पुन्हा मुंबईला जातो. फाल्गुनापर्यंत बोटं चालती करून द्या म्हणतो."

डॉक्टरने या खेपेला हातांकडे पाहिलंच नाही. त्याने पंतांना तोंड उघडायला सांगितलं.

"बोटं इकडे आहेत," पंतांनी हात पुढे केले.

"विष तोंडात असतं. दातांच्या मुळांशी साठतं आणि रक्तातून सांध्यांत उतरतं. विलायतेत आता असंच मानतात."

"पण माझे दात उत्तम आहेत! परवाच ऊस सोलून खाल्ला."

"उत्तम दिसतात, तेच लबाड असतात," डॉक्टर म्हणाला.

उत्तम दात, लबाड दात, आणि जाता जाता कोपऱ्यातली एक बिचारी अक्कलदाढ, असे सगळे निघाले. परतीच्या प्रवासात आगबोटीतून किनाऱ्याला नेणाऱ्या पडावात उतरताना खलाशी ओरडला, "भट, दोर धरा!" पंतांच्या मुठीत दोर राहीना. "नाही धरता येत" म्हणायला तोंड उघडलं, तर नुसता वारा बाहेर आला. शेवटी दोघांनी त्यांना सुपारीच्या पोत्यासारखं उचलून पडावात ठेवलं.

घरी सुचित्राबाईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि हातातली तपेली खाली ठेवली.

"अहो, गेला होतात हात दाखवायला!"

पंतांनी फुसफुसत विषाचा सगळा मार्ग समजावून सांगितला.

"आणि कवळी?"

"हिरड्या बसल्याशिवाय नाही. पावसाळ्यानंतर."

"म्हणजे सुपारी फोडायची कशी, एवढीच काळजी होती," सुचित्राबाई म्हणाल्या, "आता चावायची कशी, तीही आणलीत मुंबईहून."

एवढ्यात सोनाबाई मुंबईची हालहवाल विचारायला पडवीत आलीच. पंतांनी उपरणं तोंडावर ओढलं. सोनाबाईने एकदा विचारलं, दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा सुचित्राबाईंच्या तोंडून निघून गेलं, "मौन धरलंय त्यांनी."

"अगो बाई! कधीपर्यंत?"

"ते तरी कसं सांगतील?"

सोनाबाईच्या कानावर पडलेली गोष्ट श्रीवर्धनात पसरायला सोनाबाईने घरी पोचायचीसुद्धा गरज नसे. दुसऱ्या दिवसापासून माणसं यायला लागली. मार्तंडपंत हे सबंध आळीत सगळ्यांत बडबडे गृहस्थ. त्यांनी बोलणं सोडलं म्हणजे आत काहीतरी मोठं घडलं असणार, असा लोकांचा हिशेब. माणसं नमस्कार करत. पंतांना उलट हात जोडायचे तर तळव्याला तळवा लागेना, म्हणून ते उजवा हातच जरा वर करत. अर्धवट मिटलेली ती बोटं बघून लोक आणखी वाकत. एकाने उंबऱ्यावर नारळ ठेवला. मग नारळ ठेवायची चालच पडली.

त्यांच्या बागेत माडा-पोफळींवर चढणारा बुधाजी तर म्हैस घेऊनच आला.

"पंत, सालभर झालं, ही गाभण ऱ्हात न्हाय. जरा हात ठेवा."

पंतांनी मान हलवली. नाही, नाही, असं त्यांना म्हणायचं होतं.

"नुस्ता ठेवा हो. तुमचं काय जातंय? हाय तो देवाचा हात."

म्हैस अंगाने ऊन होती. पंतांच्या बोटांना बरं वाटलं, आणि त्यांनी हात जरा जास्तच वेळ ठेवला. बुधाजीच्या डोळ्यांत पाणी आलं.

ही बातमी बोर्लीला जायला वेळ लागला नाही, आणि तिथून उत्तर घेऊन लिमयांचा गाडीवान विठोबा आला. "आमचे पंत यायचं म्हनतात परवा सकाळी. फाल्गुनापत्तूर थांबायचं न्हाय म्हनले. सुपारी आत्ताच फोडायची."

विठोबाची गाडी वळायच्या आत पंतांनी डोक्याला हात लावला.

"त्यांना वाटलं असेल मी संन्यास घेतोय," ते फुसफुसले. "बाप संन्यासी झाला तर कन्यादान कोण करणार? आलं सगळं अंगाशी! खरं सांगून टाकू का?"

"काय सांगाल? बोटं गेली, म्हणून दात काढले, म्हणून मौन धरलं, म्हणून म्हशीला आशीर्वाद दिला?" सुचित्राबाई म्हणाल्या. "मी लिमये असते तर मुलगी राहू दे, गाडीसुद्धा इकडे वळवली नसती."

उपाय कुमुदने काढला. ती बोलायला बापासारखी नव्हती, पण कामाला आईसारखी होती. तिने एक रोठा आदल्या दिवशी कापला, दोन फाका मेणाने चिकटवल्या आणि फट बोटाने घासून घासून दिसेनाशी केली.

"बाबा, अडकित्ता नुसता टेकवायचा. फाक गालात धरायची. कडकन आवाज मी माजघरातून करीन, दाराआड बसून."

"दोन आवाज लागतील का गो? त्यांचा एक, माझा एक."

"त्यांचा ते करतील. तुम्ही फाक तोंडात टाकलीत की मी तुमचा करते."

यज्ञेश्वरपंत भल्या सकाळी आले. विठोबाने त्यांना दोन्ही काखांत हात घालून गाडीतून असं उतरवलं, जसा पालखीतून देव उतरवावा. ओटीवर पाट मांडला होता. त्यांनी त्याकडे बघून नुसतं "खुर्ची" म्हटलं. सुचित्राबाईंनी खुर्ची आणली, पण आत जाऊन म्हणाल्या, "मुलाचा बाप आहे, त्याची ही ऐट. जमिनीवर बसवेना!" एरवी तेही फार बोलले नाहीत. ओठ घट्ट मिटून बसले. मार्तंडपंतांना वाटलं, हे रागावून आले आहेत.

पंतांची बोटं अर्थातच अजून निजली होती. सुचित्राबाईंनी शेवटच्या क्षणापर्यंत त्यांचे हात मागच्या दारी कढत पाण्यात धरून ठेवले होते. तसेच पुसून ते बाहेर आले, तबकाशी बसले आणि रोठा तळहातात घेतला. उजव्या हाताने अडकित्ता उचलायला गेले, तोच त्यांना डाव्या हातात काहीतरी सुटल्यासारखं वाटलं. कढत पाण्याने तापलेल्या मुठीत मेण मऊ झालं होतं. त्यांनी मूठ उघडली. रोठा दोन फाका होऊन तळहातावर पडलेला.

अडकित्ता तबकातच होता.

"हात लावला नि फुटली!" विठोबा ओटीखालून ओरडला, आणि त्याने तिथेच जमिनीला डोकं टेकलं. "आता काय बोलायचंच काम न्हाय!"

यज्ञेश्वरपंतांनी फाका पाहिल्या, पंतांकडे पाहिलं, आणि एक फाक उचलली. मार्तंडपंतांनी दुसरी. आता दोघांनी ती तोंडात टाकायची. मार्तंडपंत थांबले, पाहुण्याचा मान आधी. यज्ञेश्वरपंत थांबले; यजमानाचा मान आधी. दोन व्याही फाका बोटांत धरून एकमेकांकडे बघत राहिले. मार्तंडपंतांनी आपली फाक कपाळाला लावली. यज्ञेश्वरपंतांनीही लावली. मग ती कुठे लावायची, हे कोणालाच सुचेना.

विठोबाची आरोळी ऐकल्यापासून माजघरात कुमुद अडकित्ता उघडून बसली होती. बाहेर एवढी शांतता म्हणजे फाक तोंडात गेली, असं तिने धरलं.

कड!

दोघांच्याही फाका दोघांच्याही हातात होत्या.

यज्ञेश्वरपंतांनी माजघराच्या दाराकडे मान वळवली. एका आवाजाने भागलं नसेल, अशी शंका येऊन कुमुदने दुसरी सुपारी घेतली.

कड!

"भाटे," यज्ञेश्वरपंत सावकाश म्हणाले, "आत कोण सुपारी खातंय?"

मार्तंडपंतांनी दाराकडे बघितलं. दाराआड कुमुदच्या लुगड्याचा काठ दिसत होता. आज ही गाडी रिकामी परत गेली, तर पुन्हा कोणाची गाडी या दारात येणार नाही, एवढं त्यांना कळत होतं. पण दाराआड आपली मुलगी आपल्या दाढा होऊन बसली आहे, हे मात्र त्यांना सोसवेना. त्यांनी तोंडावरचं उपरणं काढलं.

"माझी मुलगी," ते म्हणाले. शब्द फुटले, तसे वाऱ्यासकट बाहेर आले. "मला दात नाहीत. मौन नाही, व्रत नाही. संधिवात झाला आहे. मुंबईच्या डॉक्टरने नाव लिहून दिलंय, लपवण्यासारखा दुसरा काही रोग नाही. बोटं बरी व्हावीत म्हणून दात काढले. सुपारीला मेण लावलं होतं. मुलगी चांगली आहे हो. खोटेपणा सगळा माझा."

यज्ञेश्वरपंत खुर्चीत पुढे सरकले. मग त्यांनी विचारलं, "त्या डॉक्टरच्या जिन्यात मोठा आरसा आहे?"

"आहे."

"उत्तम दिसतात, तेच लबाड असतात, असं म्हणतो?"

"तोच!"

यज्ञेश्वरपंतांनी पाठ वळवली, तोंडाशी हात नेला आणि वळून तबकात, फुलं आणि हळदकुंकवाच्या मधोमध, वरची आणि खालची अशा दोन्ही कवळ्या ठेवल्या.

"मी गुडघ्यांसाठी दिले," ते म्हणाले. आता वारा दोन्हीकडून वाहू लागला.

"आणि गुडघे?"

"पाटावर का नाही बसलो?"

मार्तंडपंतांना हसू आवरेना. "मग घाई कसली केलीत? माझी बोटं फाल्गुनात तरी... निदान प्रयत्न केला असता."

"तुम्ही मौन धरल्याचं ऐकलं. म्हटलं, व्रतातला माणूस सुपारी चावायचा नाही आणि दुसऱ्याला चावायचा आग्रहही करायचा नाही. या कवळीने रोठा मोडेल होय? मी तुमचं मौन सुटायच्या आत धावत आलो."

दार उघडलं. कुमुद खाली मान घालून बाहेर आली. तिच्या हातात खलबत्ता होता. तिने दोघांच्या हातातल्या फाका घेतल्या, मेण खरवडलं, त्यात वेलची टाकून कुटल्या आणि मऊ भुकटी दोघांच्या तळहातांवर ठेवली. ती कोणालाही चावावी लागली नाही. आवाज खलबत्त्याचा झाला होता आणि तो आळीभर ऐकू गेला होता.

"हात चांगला आहे मुलीचा," यज्ञेश्वरपंत म्हणाले. "शब्द पक्का."

मग सुचित्राबाईंनी ऊन पाण्याची दोन घंगाळं बाहेर आणली. एकात हात, एकात पाय असे दोन व्याही दहा वाजेपर्यंत ओटीवर बसले होते, आणि आपल्या दुखण्यांविषयी इतकं बोलले की मार्तंडपंतांचं सगळं मौन त्यात वसूल झालं.

बोटं पुढे कधी पूर्ण सरळ झाली नाहीत. बुधाजीची म्हैस मात्र त्याच महिन्यात गाभण राहिली, त्यामुळे नारळ यायचे थांबेनात. आणि भाट्यांच्या घरी आजही लग्न ठरताना सुपारी फोडत नाहीत, खलबत्त्यात कुटतात. असं का, म्हणून विचारलं तर घरातली वडील मंडळी गंभीर होऊन सांगतात, की शास्त्र फार जुनं आहे, तेव्हा त्यामागे काहीतरी मोठं कारण असलंच पाहिजे.