पक्क्या फिटिंगची स्की

"बरफात? आन् पोरीच्या जातीनं?" एवढं म्हणून शिवशंकर बिडवेने संमतीपत्र न वाचताच रेझिनच्या डब्याखाली सारलं. विषय संपला, असं त्याला वाटलं.

त्याची मुलगी ऋतुजा नांदेडच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. एनसीसीतून तिची हिमाचलातल्या पंधरा दिवसांच्या स्की शिबिरासाठी निवड झाली होती. पालकांच्या सहीचं पत्र शनिवारी संध्याकाळपर्यंत पाठवायचं होतं, नाहीतर नाव कटणार होतं. त्यासाठीच ती आठ दिवसांची सुट्टी काढून लातूरला आली होती.

"गारा पडायल्या की आपण पत्र्याखाली पळतो, आन् तू गारांवरून घसरायला चाललीस? हातपाय मोडला म्हंजी?" शिवशंकर म्हणाला. त्याचा आवाज चढला होता, पण खरं तर तो घाबरला होता. एकुलती एक पोर. सायकल शिकवताना त्याने तिचं कॅरियर दोन महिने सोडलं नव्हतं.

ऋतुजाने वाद घातला नाही. रात्री जेवताना तिने मोबाइल पुढे केला. "पप्पा, ह्या स्की बघा. आत लाकडाची पट्टी, वरून-खालून फायबर. आपल्याकडं कुणाला जमत न्हाईत. परदेशातच बनतेत."

शिवशंकरचा घास हातात राहिला. एमआयडीसीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये तो बावीस वर्षं फायबरचे बाथरूमचे दरवाजे बनवत होता. फायबरचं काहीतरी लातुरात जमत नाही, हे त्याच्याच ताटावर बसून त्याला सांगितलं जात होतं.

"न जमायला काय झालं? दरवाजाच हाय की तो. अरुंद दरवाजा." त्याने हात धुतले. "स्की मी करतो. नीट झाली तर सही. न्हाई झाली तर न्हाई."

इथे एक कबुली द्यायला हवी. आम्हा लातूरकरांना न पाहिलेल्या वस्तूविषयी कधीच शंका नसते. शंका येते ती पाहिल्यावर. शिवशंकरने बर्फ पाहिला होता तो रसवंतीवर, आणि प्रस्तुत निवेदकानेही तिथेच. तरी दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे शेडमध्ये उभे राहून बर्फाच्या घर्षणावर अर्धा तास बोललो.

पहिली जोडी बाभळीच्या पट्टीवर झाली. मजबूत इतकी, की त्याचा जुना कारागीर रामलिंग याला ती एकट्याला उचलेना. दुसरी बांबूच्या कामट्यांवर झाली. टोक वर वळवायला जुन्या स्कूटरचं मडगार्ड साचा म्हणून घेतलं आणि ते झकास वळलं. आता मध्ये थोडा बाक हवा होता, म्हणजे माणूस उभा राहिला की पट्टी दबून सरळ होते. शिवशंकरने मोजून मापून बाक दिला आणि चहाला गेला. परत येऊन पाहतो तर पट्टीवर दोन पोती वाळू.

"मालक, वाकडं झालतं," रामलिंग अभिमानाने म्हणाला. "सरळ केलो."

"आरं, मुद्दाम वाकडं केलतो मी!"

"मुद्दाम?" रामलिंगने त्याच्याकडे काळजीने पाहिलं. बावीस वर्षांत वाकडं झालेलं प्रत्येक दार या शेडला परत आलं होतं, आणि त्या प्रत्येक वेळी शिव्या रामलिंगने खाल्ल्या होत्या. तिसऱ्या जोडीवरही सवयीने त्याने एक पोतं ठेवलंच. शेवटी शिवशंकर स्वतः शेडमध्ये खुर्ची टाकून पट्टीवर पहारा देत बसला.

शुक्रवारी चौथी जोडी तयार झाली. वर पॅरागॉन चपलेसारखा निळा रंग, कारण दारांचा तोच उरला होता. पायांसाठी जुन्या चपलांचे पट्टे ठोकले. चाचणीला बर्फ कुठून आणायचा, हा प्रश्न शिवशंकरच्या मेव्हण्याने सोडवला. संगमेशचं आडत बाजारात दुकान होतं आणि त्याच्या गोदामात सोयाबीनचा पुरुषभर उंच ढीग पडून होता.

"दाजी, सोयाबीनवर उभं ऱ्हाऊन दाखवा. बरफ काय त्याच्याहून निसरडा असतोय का?" संगमेश म्हणाला.

शिवशंकर ढिगावर चढला. हमालांनी वाट सोडली. त्याने गुडघे वाकवले, 'जय' एवढाच शब्द उच्चारला, आणि स्की सुसाट निघाल्या. पण एकट्याच. पट्टे तुटून शिवशंकर ढिगातच कमरेपर्यंत रुतला. स्की गोदामाच्या दारातून बाहेर पडल्या, वजनकाट्यावर चढल्या आणि तिथेच थांबल्या. मापाड्याने सवयीने वजन वाचून दाखवलं.

एवढं होऊनही संगमेश खूश झाला. स्की पळते हे सिद्ध झालं होतं. त्याने संध्याकाळपर्यंत गल्लीच्या मंडळाला गाठून शनिवारी पाच वाजता बाप-लेकीचा सत्कार ठरवला. अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापक गुरुपादप्पा. शाली आल्या. हारांची सोय प्रस्तुत निवेदकाकडे होती.

शिवशंकरला मात्र ते तुटलेले पट्टे रात्रभर सलत होते. त्याच्या हातची फिटिंग सुटली होती! शनिवारी दुपारी त्याने शेतातले गमबूट आणले. बूट स्कीवर ठेवून वरून रेझिनमध्ये भिजवलेली फायबरची चटई गुंडाळायची, थेट नडगीपर्यंत. माप बरोबर यावं म्हणून पाय आत हवेत. पायात दोन-दोन मोजे, कारण थंडीत तसेच घालतात असं ऋतुजा म्हणाली होती.

"मालक, पाय काढून करू," रामलिंग म्हणाला.

"गप. सत्काराला वेळ कमी हाय. हार्डनर दुप्पट टाक."

फेब्रुवारी संपत आला होता. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी दोनचं ऊन, त्यात दुप्पट हार्डनर, म्हणजे रेझिनचा मिनिटांत दगड. हे गणित शिवशंकरने उभ्या जन्मात शंभर जणांना शिकवलं होतं. दहा मिनिटांनी त्याने पाय उचलायला घेतला, तर टाच वर येईना. घोटा कडक नळीत अडकला होता. दुसऱ्या पायाचं तेच.

"ग्राइंडर आण!"

"लाइट न्हाई, मालक. सहाला येती."

शिवशंकरची बायको शिल्पा धावत आली. तिने पाहिलं, कमरेवर हात ठेवले आणि विचारलं, "हे काय करायलात?"

"फिटिंग," शिवशंकर म्हणाला.

दार टेम्पोतून उभंच न्यायचं असतं, आणि रामलिंगला दुसरी पद्धत ठाऊक नव्हती. सत्काराची वेळ झाली तशी त्याने मालकाला टेम्पोच्या हौद्यात उभं केलं, कमरेला दोर बांधून तो दोर केबिनला आवळला. टेम्पो बाजारातून निघाला. उंच उभा, टोपीवाला, गंभीर माणूस पाहून दोघातिघांनी नमस्कार केले. एकाने कोणत्या पक्षाकडून, असंही विचारलं. शिवशंकरने मुकाट्याने हात जोडले.

ऋतुजा हौद्यातच त्याचा हात धरून उभी होती. तिच्याकडे न पाहता तो म्हणाला, "जायाचं रद्द. शेडमधी उभ्या-उभ्या माझे पाय अडकलेत. तितं तू डोंगरावरून पडलीस आन् पाय हेच्यात अडकला, तर? मला भ्या वाटायलंय, ऋतू. सही करणार न्हाई मी."

ऋतुजाने त्याचा हात आणखी घट्ट धरला.

मंडपात चौघांनी त्याला उचलून मंचावर ठेवलं. खुर्चीत बसला की स्कीची टोकं टेबलाला लागून माइक पडत होता, म्हणून तो उभाच राहिला. गुरुपादप्पा सरांनी चष्मा सावरला. "शिवशंकररावांनी आपल्यासाठी प्रात्यक्षिक म्हणून स्की प्रत्यक्ष धारण केली आहे! आणि ती एक क्षणही उतरवायला ते तयार नाहीत!" टाळ्यांचा कडकडाट झाला. हार घालताना प्रस्तुत निवेदकाने हळूच विचारलं, "दुखायलंय का?" तो म्हणाला, "पायात न्हाई."

मग सर म्हणाले, "आता हा कर्तबगार पिता सर्वांसमक्ष संमतीपत्रावर सही करील!" ही संगमेशची कल्पना. शिल्पाने पर्समधून रेझिनचे डाग पडलेलं पत्र काढून पुढे केलं.

दुसरा कुणी असता तर मंचावरून निघून गेला असता. शिवशंकरला ती सोय नव्हती. वेळ काढावा म्हणून त्याने चष्मा लावला आणि आठ दिवसांत पहिल्यांदाच ते पत्र वाचायला घेतलं. समोर माइक होता, त्यामुळे त्याचं पुटपुटणंही मंडपभर ऐकू जात होतं.

"नियम सहा. स्की, बूट व काठ्या शिबिरात मिळतील. स्वतःचं साहित्य आणू नये."

मंडपात मागून एक हमाल हसला आणि त्याच्यामागे सगळे. शिवशंकरने आपल्या निळ्या पायांकडे पाहिलं आणि तोही हसू लागला. इतका, की रामलिंगने पुढे होऊन त्याला धरलं.

"तुला म्हाईत होतं?" त्याने ऋतुजाला विचारलं.

"हाव."

"पहिल्या दिवसापासनं?"

"हाव, पप्पा. पण स्की करायलात तवर तुमी एकदाबी 'जाऊ नको' म्हणला न्हाईत."

शिवशंकरने शिल्पाकडे पाहिलं. शिल्पा मंडपाचं झुंबर बघत होती. त्याने डोळे पुसले, चष्मा पुन्हा लावला आणि पुढची ओळ वाचली. या वेळी सावकाश, दाराची फिटिंग तपासावी तशा नजरेने.

"नियम सात. पडताच बूट स्कीपासून आपोआप सुटतील, अशी फिटिंग असते."

त्याने ती ओळ मनात आणखी एकदा वाचली. मग खिशातला पेन काढून सही केली.

ऋतुजा पाया पडायला वाकली. पण पाय फायबरच्या आत होते, म्हणून तिने स्कीच्या वळलेल्या टोकाला हात लावून नमस्कार केला. टाळ्या चालू होत्या. शिवशंकरने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"जा," तो म्हणाला. "पण निघायच्या आधी फिटिंग सुटती का, ते दोनदा बघ."