तीन सिनेमांत तीन खुनी

माझी नजर घारीची, नाक शिकारी कुत्र्याचं आणि मेंदू माझा स्वतःचा आहे. गुन्हेगार माझ्या वाऱ्यालाही उभे राहत नाहीत. गेल्या चार वर्षांत एकही राहिलेला नाही. माझी मदतनीस, म्हणजे बायको, याला 'काम नसणं' म्हणते.

तर गेल्या आठवड्यात आत्या आली. काखेत वाचनालयाची जुनी, कधीतरी पुन्हा शिवलेली रहस्यकादंबरी.

"शेवटची पानंच नाहीत रे यात," ती म्हणाली. "वीस वर्षांपूर्वी तुझे आतोबा मला हीच वाचून दाखवायचे. खुनी कोण ते कळणार, तर पुस्तकच संपलं! मी म्हटलं माळी, ते म्हणाले वकील. पैज लागली. हरेल त्याने दुसऱ्याला जन्मभर सकाळचा चहा करून द्यायचा. मला दोन चमचे साखर, त्यांना बिनसाखरेचा."

"मग?"

"मग काय! दुसरी प्रत मिळेपर्यंत ते थांबलेच नाहीत." आत्याने चष्मा पुसला. "आता माझंही वय झालं. वर गेल्यावर पहिलं तेच विचारतील. निकाल न कळता कोणत्या तोंडाने जाऊ?"

या कादंबरीवर तीन सिनेमे निघालेत हे मी तत्काळ शोधून काढलं. पोस्टर आमच्या गल्लीतच लागलं होतं. तिन्ही पाहिले. पहिल्यात खुनी माळी. दुसऱ्यात माळ्याचं काम मोठ्या नटाने केलंय, त्यामुळे खुनी वकील. तिसऱ्यात मयतच शेवटी उठून गाणं म्हणतो.

"माळ्याने सुरा आणला, वकिलाने चालवला," मी निष्कर्ष काढला, "आणि या कटात मयताचाही हात होता."

"मग चहा कोणी करायचा?" आत्याने विचारलं.

हा मुद्दा माझ्या नजरेतून निसटला होता. मी लगेच दिशा बदलली. पानं फाडणाऱ्यालाच खुनी लपवायचा होता, हे उघड होतं. दोन दिवस मी ग्रंथपालांवर पाळत ठेवली. त्यांनी मला दोनदा पाणी विचारलं आणि तिसऱ्यांदा सभासदत्वाचा फॉर्म दिला.

आज सकाळी आत्या निकाल ऐकायला आली. मी संशयितांची यादी वाचत होतो आणि बायको पुस्तक चाळत होती.

"अहो, हे पहिल्या पानापासून वाचलंत का?"

"पहिल्या प्रकरणापासून. प्रस्तावना मी वाचत नाही."

"या प्रस्तावनेत सगळे दिवाणखान्यात जमलेत, आणि फौजदार दाराला कडी लावतोय."

पुस्तक शिवणाऱ्याने शेवटची सोळा पानं उचलून पुढे शिवली होती. प्रस्तावना समजून वीस वर्षं त्यांच्या वाटेला कोणी गेलं नव्हतं.

बायकोने मोठ्याने वाचून दाखवलं. खुनी वकील.

"हरले की मी," आत्या म्हणाली. तिला हसू येत होतं आणि डोळेही भरले होते. "सांगत होते बिचारे. मीच म्हणायचे, तुम्हाला काही कळत नाही."

मग ती उठली, ओट्याशी गेली आणि कोणालाही हात लावू न देता तिने चहा केला. पहिला घोट घेताच मी चमकलो.

"यात साखर नाही," मी बायकोच्या कानाशी लागलो. "घरात चोरी झालीय." आणि नव्या प्रकरणाची नोंद करायला वही काढली.

बायकोने ती हातातून काढून घेतली. "मुकाट्याने प्या," ती म्हणाली.

तिचा आवाज एकदम घोगरा का झाला, हेही मला अजून उलगडलेलं नाही.