एक तोंड जास्त

दळणाचा डबा नुसता उचलून गुलाबभाऊ सांगे, तुमच्या घरी कोण आलं अन् कोण रुसून गेलं. डबा काट्यावर नंतर ठेवे. पहिले दोन्ही हातात घेऊन झुलवे, जसं कोणी लेकरू झुलवते. मंग डोळे बारीक करून म्हणे, "काहून वं सरूबाई, जावई आला का?" अन् जावई खरंच आलेला राहे. सगळ्या रांगेले समजे का आज सरूबाईच्या घरी वांग्याची भाजी होणार.

इतवारीत आमची गल्ली सुरू होते तिथंच त्याची चक्की. माणूस पिठानं असा माखलेला का भुवया, कान, नाकातले केस, सगळं पांढरं. नवीन माणूस त्याले आजोबा म्हणे. सुट्टीच्या दिवशी आंघोळ करून बाहेर निघाला का काळाभोर, तरणाताठा दिसे, अन् गल्लीतलं कुत्रं त्याच्यावर भुंके. मशीनीच्या आवाजानं कानानं कमी ऐके, म्हून स्वतः ओरडूनच बोले. "कानात सांगतो," म्हणे, अन् ते चार गल्ल्या पलीकडं जाय.

माह्या डब्याचा त्याले भारी राग. आमचे हे गेल्यापासून मी दाणाबाजारात धान्य निवडायले जाई. दिवसभर पाखडायचं, खडे काढायचे, पाठ मोडून जाय. संध्याकाळी खाली सांडलेलं झाडून घरी नेऊ देत, तेच आमचं खाणं. कधी ओंजळभर, कधी पायलीभर. म्हून माझा डबा आज हलका त उद्या भारी.

"तुह्या घरचा काही मेळच लागत नाही वं," तो ओरडे. "तुह्या घरी माणसं राहतात का पाखरं?"

मी म्हणे, "पाखरंच आहे भाऊ. सांडलेलं खातो."

त्या वर्षी रेडिओवर एकच गोष्ट चालू होती. उत्तरेकडं कोण्या अतिरेक्यायच्या म्होरक्यानं बसगाडीत बॉम्ब ठेवून माणसं मारली, बाया मारल्या, लेकरं मारली, अन् पळून गेला. सारं सरकार त्याच्या मागं. रेडिओवाला त्याचं नाव लांबलचक घे, आमच्या जिभेले ते कधी जमलं नाही. आम्ही त्याले 'तो' म्हणो. त्याचा फोटो आमच्या भिंतीवरही लागला होता. अर्धा पावसानं गेला, अर्धा बकरीनं खाल्ला. तरी येता-जाता सारे पाहत.

चक्कीची रांग म्हणजे मोठी कचेरीच. एक म्हणे, चौकात फाशी द्या. दुसरी म्हणे, फाशीनं काय होते, आधी त्या मेलेल्या लेकरायच्या मायसमोर उभा करा. कोणी म्हणे साधू होऊन बसला असन, कोणी म्हणे सरकारनंच लपवला. वच्छलाचा नवरा चौकीवर शिपाई, म्हून ती काहीच सांगे नाही, नुसती हसे, जसं तिले सगळं माहीत आहे. पहिले पहिले आम्ही तावातावानं बोलो. मंग महिने गेले. रोज सकाळी रेडिओ सांगे, शोध चालू आहे. आपणही म्हणायचं, चालू आहे. थकून गेलो होतो बावा. तो सापडो का न सापडो, नळावर भांडण तेच, घरी गेल्यावर चूल तीच.

एक गुलाबभाऊ थकला नव्हता.

"पोलिसायचं डोकं चालून नाही राहिलं," तो ओरडे. "रस्ते अडवतात, रेलगाड्या पाहतात. अरे, चुलीत पाहा! माणूस नाव बदलन, दाढी काढन, पण भूक कुठं ठेवन? दोन वेळा कोणी तरी त्याच्यासाठी पीठ मळून राहिलं असन. ते पीठ कोण्या तरी चक्कीवर दळून राहिलं असन. चक्कीवाल्यायले विचारा म्हणा!"

"अन् तो भात खात असन त?" वच्छलानं विचारलं.

सारी रांग हसली. गुलाबभाऊ दिवसभर बोलला नाही. दुसऱ्या दिवशी माझा डबा घेता घेता म्हणते, "तिकडचा माणूस भातावर किती दिवस काढन?" म्हणजे बिचारा त्याच विचारात झोपला होता.

आता शेवंताचं सांगते. माह्या भिंतीले लागून तिचं घर. नवरा हातठेला ओढे, छातीनं कमजोर, कोणासमोर वर मान करून बोलणार नाही असा. दोघंच राहत. त्यायची पोरगी नंदा कुहीकडच्या खेड्यात दिलेली. एक दिवस पहाटेच ती नेसत्या लुगड्यानिशी पळून आली. सासरच्यायनं मारलं होतं, उपाशी ठेवलं होतं. शेवंतानं तिले मागच्या खोलीत लपवलं. सासरचे न्यायले येतीन हे एक भेव, अन् पोरगी नांदत नाही म्हून लोक थुंकतीन हे दुसरं. मले समजलं होतं. मधली भिंत पातळ, रडणं इकडं येई. मी बोलली नाही. कोणाच्या पोरीची गोष्ट आपण कायले सांगायची?

पण डबा बोलला. गुलाबभाऊनं तो उचलला, झुलवला अन् थांबला.

"शेवंते, कोण आलं वं?"

"कोणी नाही."

दुसऱ्या खेपेले डबा अजून भारी. उपाशी पोरगी, तिले खाऊन खाऊन भूक लागे. त्यानं पुन्हा विचारलं. शेवंता खाली पाहून म्हणे, "कोणी नाही भाऊ, दळा लवकर."

तिनं पाहुणी आली म्हटलं असतं त गोष्ट तिथंच मिटली असती. ती नाही म्हटली, म्हून ह्याचं डोकं फिरलं. ती गेल्यावर त्यानं वच्छलाले जवळ बोलावलं अन् तिच्या कानात, म्हणजे साऱ्या इतवारीले ऐकू जाईन असं सांगतलं, "त्या घरात एक तोंड जास्त आहे. अन् ते लपवून ठेवलं आहे!"

हसू नका. त्या दिवसात लोकायले रात्री मांजर कौलावर चढली तरी तोच आला वाटे.

दुसऱ्या दिवशी दुपारी हवालदार अन् दोन शिपाई आले. शेवंताच्या दारात जत्रा जमली. गुलाबभाऊ चक्की चालू ठेवून धावत आला. मागच्या खोलीचं दार शिपायानं लाथेनं उघडलं अन् काठी समोर करून आत गेला. आत नंदा. गोधड्यायच्या मागं दबून बसलेली, पदर तोंडावर. हवालदारानं पदर काढायले लावला. गालाची एक बाजू काळीनिळी, मानेवर तापल्या चिमट्याचा डाग.

हवालदारानं विचारलं, "कोणी केलं हे?" नंदा म्हणे, पडली. शेवंतानं मंग सगळं सांगतलं, साऱ्या गल्लीसमोर, रडली नाही. हवालदार म्हणे, चौकीवर येऊन सांगा, अन् निघून गेला. त्या म्होरक्याले पाहायले आलेले लोक पायाकडं पाहत घरी गेले.

गुलाबभाऊ उभाच होता. शेवंता त्याले एवढंच म्हणाली, "भाऊ, तुम्ही माह्या पोरीचा घास तोलला."

त्या दिवसापासून ती डबा डोक्यावर घेऊन दूरच्या चक्कीवर जाय. उन्हात, बाजार ओलांडून.

गोष्ट कुहीले पोचायले काय वेळ लागते? इतवारीत तिकडचे रोज येतात माल घेऊन. नंदाचा नवरा अन् त्याचा काका आला. काका दारातच बसला, पान थुंकला अन् म्हणे, "आमची सून द्या." नंदाचा बाप हात जोडून उभा. "घेऊन जा पाहुणे," एवढं त्याच्या ओठावर आलंच होतं, मी माह्या दारातून पाहून राहिली होती. आत नंदा शेवंताले असं धरून बसली होती जसं पाण्यात बुडणारं माणूस धरते. त्या दिवशी ती गेली असती त पुन्हा दिसली नसती, हे आम्हाले साऱ्यायले समजत होतं.

तेवढ्यात चक्की बंद झाली.

भर गर्दीत गुलाबभाऊनं चक्की कधी बंद केली नव्हती. लाईट गेली समजून बाया बाहेर आल्या. पाहतात त ते पांढरं भूत शेवंताच्या दारात जाऊन उभं.

"तू कोण गा?" काका म्हणे.

"चक्कीवाला."

"चक्कीवाल्याचं इथं काय काम? ही आमच्या घरची गोष्ट आहे."

"घरची होती," गुलाबभाऊ ओरडला. त्याले हळू बोलता येतच नव्हतं. "म्या ती बाहेर काढली. पोलीस माह्याच तोंडानं आले. हवालदारानं तिची मान पाह्यली, साऱ्या गल्लीनं पाह्यली. आता ते झाकत नाही. न्या ना सुनेले, हवालदारापाशून न्या! चला, मी येतो संगं. चिमटा कोणाच्या हातात होता तेही तिथंच सांगा!"

आवाज असा का पलीकडचे दुकानदार गादीवरून उतरले. आम्ही बाया डबे घेऊन उभ्या. काका नंदाच्या नवऱ्याकडं पाहे, नवरा पायातल्या जोड्याकडं. "पाहून घेऊ," म्हणत दोघं उठले. पुन्हा आले नाही.

शेवंतानं दार लावलं. गुलाबभाऊकडं पाह्यलं नाही. तो चक्कीवर परत गेला अन् दळायले लागला.

पण तवापासून तो डबा झुलवे नाही. सरळ काट्यावर. बायाच विचारत, "भाऊ, सांगा ना माह्या घरी कोण आलं?" तो म्हणे, "मले काय माहीत?" एक दिवस रेडिओनं सांगतलं, 'तो' मारला गेला, दूर कुठं तरी. एक म्हणाली, बरं झालं. एक म्हणाली, आता दुसरा उभा होईन. मंग पीठ जाड आलं म्हून दोघी भांडल्या. गुलाबभाऊ दळत राहिला.

एका दुपारी लाईट नव्हती, मी डबा ठेवायले गेली. पाहते त हा माणूस चक्कीच्या दगडी पाटायच्या फटीतून, पीठ पडते त्या कापडाच्या बाहीतून, राहिलेलं पीठ झटकून परातीत जमवून राहिला. मले पाहून दचकला.

"चोरी पकडली म्हणा."

"कायले पाहिजे एवढंसं?"

"खायले."

मागं स्टोव्ह होता, एक तवा होता. गहू, ज्वारी, हरभरा, सगळ्यायचं मिळून एक गोळा त्यानं मळला. मी म्हटलं, "भाऊ, घरी दळण नेत नाही का?"

"एका माणसाचं काय दळायचं वं बाई? मूठभर टाकलं त पाटातच राहून जाते, बाहेर येत नाही." भाकर थापता थापता तो पहिल्यांदा हळू बोलला. "बायको गेली तवापासून असंच. ह्याच्यात तुही ज्वारी आहे, वच्छलाचे गहू आहे. मी तुमच्या साऱ्यायच्या घरी जेवतो, कोणी बोलावत नाही तरी." मंग परातीकडं पाहत म्हणे, "शेवंतेचं नाही राहिलं ह्याच्यात आता."

नळावर मी शेवंताले हे सांगतलं. ती म्हणे, "मंग मी काय करू?" अन् घागर उचलून गेली. तिचं दुखणं तिचं.

बरेच दिवस गेले. एका सकाळी रांगेत नंदा उभी. डोक्यावर पदर नीट, मानेवरचा डाग उघडा, कमरेवर डबा. तिचा नंबर आला. गुलाबभाऊनं डबा घेतला, काट्याकडं गेलाच नाही, गहू सरळ चक्कीत टाकले. बारीक दळले, बोटात घेऊन दोनदा पाह्यले.

भरलेला डबा त्यानं स्वतः तिच्या हातात दिला.

"सांभाळून धर वं पोरी," तो म्हणाला. "ताजं पीठ गरम राहते."