पाच गुणांचं ‘माहीत नाही’

एका जंगलात, बाळांनो, शाळा होती. हसू नका. शाळेत जंगल असतं हे तुम्ही रोज बघता, मग जंगलात शाळा असायला काय हरकत आहे?

ही शाळा एका मोहाच्या झाडाखाली भरायची. भिंती नव्हत्या, छप्पर नव्हतं. पण सावली अशी दाट, की भर उन्हाळ्यात मास्तरांनाही पेंग यावी.

विज्ञान शिकवायला साळूबाई होत्या. साळूबाई म्हणजे साळिंदर. रागावल्या की अंगावरचे काटे ताठ उभे राहायचे, त्यामुळे वर्गात शिस्त होती. आतून मात्र बाई फार मऊ.

त्या झाडाचं एक दुखणं होतं. चैत्रात फुलं भरभरून यायची, टपटप गळायची, अस्वलं येऊन खाऊन जायची. फळ मात्र धरायचं नाही. एकसुद्धा नाही.

शिक्षण समितीचे अध्यक्ष होते गवाजीराव. जातीचा गवा. शिंगं मोठी, म्हणून अध्यक्ष. दुसरी पात्रता समितीनं विचारली नव्हती. एके दिवशी ते झाडाला पाठ घासता घासता म्हणाले, “फळ देत नाही ते झाड ठेवायचं कशाला? पाडा. इथे आपण विज्ञान भवन बांधू.”

“आणि तोवर माझा वर्ग?” साळूबाईंनी विचारलं.

“उन्हात भरवा. उन्हात जीवनसत्त्व असतं. तुम्हीच शिकवता ना?”

उन्हात बसवलं तर सशांची पोरं दुसऱ्या दिवशी येणार नव्हती. आणि एकदा घरी राहिलेलं पोर पुन्हा शाळेत येत नाही, हे साळूबाईंनी बघितलेलं होतं. झाड गेलं की वर्ग गेला.

“साहेब, पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबा,” त्या म्हणाल्या. “फळ का धरत नाही ते शास्त्रज्ञांना विचारू. कारण कळलं तर उपाय करता येईल.”

“विचारा,” गवाजीराव म्हणाले. “कार्यक्रम करा. प्रास्ताविक मी करतो.”

झालं. ‘शिक्षक-शास्त्रज्ञ सुसंवाद’ ठरला. शास्त्रज्ञ आले डॉक्टर खवले, म्हणजे आपलं खवल्या मांजर. विद्वान, पण बुजरे. कोणी मोठ्यानं प्रश्न विचारला की ते गोल गुंडाळी होऊन बसत. मग उलगडेपर्यंत सगळ्यांनी वाट बघायची.

गवाजीरावांचं प्रास्ताविक इतकं लांबलं, की पुढच्या रांगेवरची सावली मागच्या रांगेवर गेली. मग प्रश्न सुरू झाले.

वानर सर उठले. “डॉक्टरसाहेब, मोहाची साल खाल्ली की बुद्धी वाढते, अशी बातमी होती. आमच्या वर्गानं शेजारचं अख्खं झाड सोललं. बुद्धी काही वाढली नाही. पोटं मात्र बिघडली.”

“मी असं कुठे म्हटलं होतं?” डॉक्टर गडबडले. “मी म्हटलं होतं, सालीवर राहणाऱ्या मुंग्या हुशार वाटतात. कदाचित.”

सगळे टिटवीकडे बघू लागले. जंगलात बातम्या ओरडून सांगायचं काम टिटवीकडे होतं.

“माझ्याकडे काय बघता?” टिटवी म्हणाली. “माझा आवाज असा आहे की त्यात ‘कदाचित’ ऐकूच येत नाही. हळू बोलले तर बातमी कोण ऐकेल? तुम्ही ऐकाल?”

त्यात तिचंही काही चुकलं नाही. आमच्या गुळाच्या पेठेतही दुकानावर नुसतं ‘चांगला गूळ’ असं लिहिलं तर माशीसुद्धा फिरकत नाही.

मग साळूबाई उभ्या राहिल्या. घसा खाकरून त्यांनी हळूच विचारलं, म्हणजे पाहुणे गुंडाळायला नकोत. “डॉक्टर, ह्या झाडाला फळ का धरत नाही?”

डॉक्टरांनी वर बघितलं. खाली बघितलं. एक फूल हुंगलं. आणि म्हणाले, “माहीत नाही.”

सभा गार पडली. शास्त्रज्ञ, आणि माहीत नाही?

“सध्या माहीत नाही,” डॉक्टर पुढे म्हणाले. “पण प्रश्न छान आहे. शोधायला हवं.”

पुढचं कोणी ऐकलं नाही. वानर सरांनी हात वर केला होता. “सर, हे ‘माहीत नाही’ किती गुणांना येईल?”

“आणि किती ओळींत लिहायचं?” मागून कोणीतरी म्हणालं.

“आकृती काढायची का?”

डॉक्टर गोल गुंडाळी झाले.

माझ्या गुळाच्या दुकानात एक गिऱ्हाईक यायचं. गुळाचा खडा तोंडात टाकायचं, चघळायचं, आणि मला विचारायचं, “गोड आहे का हो?” मी आहे म्हटलं की समाधानानं दोन ढेपा घेऊन जायचं. वाईट माणूस नव्हता. फक्त स्वतःच्या जिभेपेक्षा दुकानदारावर भरवसा जास्त. जंगलातले मास्तरही वाईट नव्हते, बाळांनो. त्यांनाही कोणीतरी असंच शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी टिटवी जंगलभर ओरडत फिरली. “आपल्या मोहाचं गूढ जगात कोणालाही माहीत नाही! थोर शास्त्रज्ञ हरले!”

गवाजीरावांची छाती फुगली. जगात कोणालाही माहीत नाही अशी वस्तू दुसऱ्या कुठल्या जंगलाकडे होती? समितीनं लगेच धडा मंजूर केला. प्रश्न : शाळेच्या मोहाला फळ का धरत नाही? उत्तर : माहीत नाही. गुण पाच.

गवाजीरावांच्या मेहुण्यानं गाइड काढलं. त्यात ‘माहीत नाही’ हे उत्तर मुद्देसूद दिलं होतं. व्याख्या, महत्त्व, उपयोग, आणि खाली रिकाम्या चौकटीची सुबक आकृती. गाइड हातोहात खपलं. पोरं सकाळ-संध्याकाळ घोकू लागली, “माहीत नाही, माहीत नाही.” आईबाप कौतुकानं ऐकायचे.

इकडे डॉक्टर खवले मात्र परत गेलेच नव्हते. ते झाडाशेजारी बीळ करून राहिले. येणाऱ्या जाणाऱ्याला विचारत बसले. पुढच्या वसंताच्या तोंडावर एका सकाळी ते धावत साळूबाईंकडे आले. धावताना ते फार विनोदी दिसत, पण साळूबाई हसल्या नाहीत.

“बाई, सापडलं! ह्या फुलांवर वटवाघळं यायची. एका फुलावरचे पराग दुसऱ्या फुलावर तीच नेतात. तीच आता येत नाहीत. कुठे गेली सगळी?”

साळूबाईंनी कपाळावर हात मारला. “समितीनं हाकलली. उलटं लटकतात, पोरांना वाईट वळण लागतं, असा ठराव झाला होता. काही पोरं पुस्तकं उलटी धरायला लागली होती म्हणे.”

“ठराव कोणाचा?”

“सूचक गवाजीराव.”

दोघं गवाजीरावांकडे गेले. गवाजीरावांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. रवंथ पूर्ण केलं. मग म्हणाले, “डॉक्टर, तुम्ही उशीर केलात. आता ते माहीत होऊन चालणार नाही.”

“पण उत्तर सापडलंय!”

“उत्तर छापलंय,” गवाजीराव म्हणाले. “पोरांचं पाठ झालंय. मेहुण्याच्या गोदामात गाइडांचा ढीग पडलाय. तुम्हीच सांगितलं होतंत ना, माहीत नाही? मग शास्त्रज्ञानं आपल्या शब्दाला जागावं.”

“आणि झाड?” साळूबाईंनी विचारलं.

“कारण माहीत नाही म्हणजे उपाय नाही. पावसाळा आला की पाडायचं. हत्तींना सांगून ठेवलंय.”

डॉक्टर पुन्हा गुंडाळले. साळूबाईंचे काटे उभे राहिले. पण बाई हुशार. त्यांनी काटे एकेक करून खाली बसवले आणि अगदी गरीब आवाजात म्हणाल्या, “पाडा, साहेब. फक्त एक शंका आहे. प्रश्नात ‘शाळेच्या मोहाला’ असं म्हटलंय. मोहच नसला तर प्रश्न चुकीचा ठरेल. चुकीच्या प्रश्नाचे गुण सगळ्यांना फुकट वाटावे लागतात, असा नियम आहे. मग गाइड कोण घेईल?”

गवाजीरावांचं रवंथ थांबलं.

“मेहुणे काय म्हणतील, एवढंच माझ्या मनात आलं,” साळूबाई म्हणाल्या.

संध्याकाळच्या आत झाडाभोवती कुंपण पडलं. पाटी लागली, ‘अभ्यासक्रमातील झाड. हात लावू नये.’ हत्तींना येऊ नका म्हणून कळवलं. शाळा मात्र कुंपणाच्या आत, सावलीत. अभ्यासक्रमाच्या जवळ बसायला कोणाची हरकत असणार?

साळूबाई मग वटवाघळांकडे गेल्या. वटवाघळं रुसलेली होती.

“आम्ही कशाला येऊ? आम्ही वाईट वळणाची.”

“शाळा सुटल्यावर या,” साळूबाई म्हणाल्या. “शिस्त शाळेच्या वेळेपुरती असते. नंतर हवं तितकं उलटं लटका. डॉक्टरांनी बोलावलंय.”

वटवाघळं आली. चैत्र गेला, वैशाख गेला, आणि ज्येष्ठात, परीक्षेच्या तोंडावर, झाड फळांनी लगडलं. हिरवी, पिवळी, गोड वासाची फळं. डॉक्टर खवले झाडाखाली उभे राहून रडले. आनंदानं.

गवाजीराव मात्र पाटीजवळ थिजून उभे राहिले. “हे काय? परीक्षा तोंडावर, आणि प्रश्नाला फळ धरलं? साळूबाई! पेपरच्या दिवशी ह्या झाडावर एकही फळ दिसता कामा नये!”

“साहेबांचा लेखी हुकूम मिळेल का?” साळूबाईंनी विचारलं.

मिळाला. बाईंनी तो वर्गासमोर मोठ्यानं वाचून दाखवला. त्या शाळेत समितीचा हुकूम इतक्या मनापासून कधीही पाळला गेला नव्हता. पेपरच्या आदल्या दिवशी वानरं फांद्यांवर चढली, ससे खाली झेलायला थांबले. डॉक्टरांनी बसल्या बसल्या पोरांना पराग, फूल, फळ, सगळं समजावलं, आणि पोरांनी तोंड भरलेलं असूनही प्रश्न विचारले. एकानंही विचारलं नाही, की हे किती गुणांना आहे. डॉक्टर दिवसभर एकदाही गुंडाळले नाहीत.

पेपरच्या दिवशी सशाची रानी उभी राहिली. “बाई, खरं उत्तर लिहिलं तर?”

“खरं उत्तर पोटात आहे ना? तिथेच राहू दे,” साळूबाई म्हणाल्या. “तिथले गुण कोणी कापत नाही.”

पेपर तपासायला गवाजीराव स्वतः बसले. झाड स्वच्छ होतं, उत्तरं गाइडाबरहुकूम होती, सगळ्यांना पाचपैकी पाच. फक्त पानं एकमेकांपासून सुटेनात.

“बाई, ह्या उत्तरपत्रिका चिकटल्यात कशानं?”

साळूबाईंनी डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टरांनी आभाळाकडे बघितलं.

“माहीत नाही, साहेब,” दोघं म्हणाले.

गवाजीरावांनी खूश होऊन त्यांनाही पाच गुण दिले.

तात्पर्य : मुलांनो, शिकायची घाई असेल तर शिका, कोणी अडवत नाही. पण ज्या प्रश्नाचं उत्तर सापडलं त्याचे गुण गेले, हे विसरू नका. म्हणून उत्तर सापडलंच, तर मिळून खाऊन टाकावं, आणि हात धुऊन मग पेपर लिहावा.