मागचे डबे पुलावरच

कर्वेनगरच्या तमाम रहिवाशांना जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, आमच्या सोसायटीतले गणिताचे निवृत्त शिक्षक बनसोडे सर रोज दुपारी चार वाजता सायबर कॅफेत जातात. वय अडुसष्ट, शर्टाची गळ्याजवळची गुंडी लावलेली. आणि बसतात कुठे, तर पडदा असलेल्या केबिनमध्ये.

ज्यांनी तो जमाना पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. घरोघरी इंटरनेट तेव्हा यायचं होतं. कोपऱ्याकोपऱ्यावर सायबर कॅफे होते, त्यांत प्लायवूडची खुराडी, प्रत्येक खुराड्याला मळकट पडदा. पडद्यामागे काय चालतं याबद्दल आमच्या सोसायटीची मतं पक्की होती. ती कॉलेजच्या पोरांबद्दल होती तोवर ठीक होतं.

"वहिनी गेल्यापासून एकटे असतात हो," माझी बायको म्हणाली. "काहीतरी भलतंच नसावं. तुम्ही जरा बघून या."

गंमत पाहा, आम्ही संशय घेत होतो तो कोणावर? संशय हा विषय ज्यांनी आयुष्यभर मन लावून केला त्यांच्यावर. सरांच्या तोंडात एकच शब्द: "कशावरून?" वॉचमन म्हणाला, पाणी आलं, की "कशावरून?" मग तो बिचारा नळ सोडून दाखवायचा. मी पेपर वाचून म्हटलं, "खडकवासला धरण भरलं म्हणे," तर म्हणाले, "कशावरून? आपण बघून आलात?" त्यांच्या मुलाने कॅल्क्युलेटर पाठवला, तर सरांनी आठवडाभर हाताने गुणाकार करून त्याची परीक्षा घेतली. शेवटी म्हणाले, "अजून तरी चुकलेला नाही. पण माझं लक्ष आहे."

आमच्या लिफ्टमध्ये पाटी होती: आठ व्यक्ती, ५४४ किलो. पहिल्याच दिवशी सरांनी ती वाचली, क्षणभर डोळे मिटले आणि माझ्या पोटाकडे बघून म्हणाले, "म्हणजे माणशी अडुसष्ट. आपण दीड व्यक्ती आहात. मी जिन्याने येतो."

कौतुक नावाची गोष्ट तर त्यांच्या शाळेतच नव्हती. पैकीच्या पैकी मार्क मिळवणाऱ्याला म्हणायचे, "बरोबर यायलाच पाहिजे. त्यात काय?"

अपवाद एकच. रविवारी सकाळी दहाला बंगलोरहून मुक्ताचा, म्हणजे त्यांच्या नातीचा फोन यायचा. सातवीतली पोर. दर रविवारी ती अडलेली तीन गणितं विचारायची आणि सर ती फोनवर सोडवून द्यायचे, अशा आवाजात की फोन नसता तरी बंगलोरला ऐकू गेलं असतं. आमची भिंत सामाईक, त्यामुळे काळ, काम, वेग मी सरांकडे फुकटात शिकलो. फोन ठेवला की सर गॅलरीत येऊन उगाचच तुळशीला दुसऱ्यांदा पाणी घालायचे.

मग एका उन्हाळ्यात भिंतीपलीकडून गणितं यायची बंद झाली. "जेवलीस का? बरं. ठेव," एवढंच. दोन मिनिटांत फोन संपायचा. तुळस कोरडी.

तर बायकोच्या आज्ञेवरून मी कॅफेत गेलो. चवड्यांवर चालत केबिनपर्यंत पोहोचलो, श्वास रोखला, पडद्याला हात घातला.

"आत या," आतून आवाज आला. "पडद्याखालून चपला दिसतात. आठ महिने झाले, अंगठा शिवून घ्या."

आत सर ताठ बसले होते. मांडीवर दोनशे पानी वही, हातात लाल पेन. पडद्यावर, म्हणजे कॉम्प्युटरच्या, शाळकरी मुलांना गणित शिकवणारी एक वेबसाइट. उदाहरणं, खाली पायरीपायरीने सोडवलेली उत्तरं. बरोबर उत्तर टाकलं की एक पिवळं अस्वल टाळ्या वाजवायचं.

"अस्वल टाळ्या वाजवतं!" सर म्हणाले. "काय म्हणून? मुक्ता आता यांच्याकडे शिकते. म्हणाली, आजोबा, तुम्हाला त्रास नको, इथे सगळं करून दाखवतात. कशावरून बरोबर दाखवतात? मी पहिल्या उदाहरणापासून तपासतोय. एक चूक सापडू दे. एकच. रविवारी तिला दाखवतो."

मी पाहिलं, वहीत चारशेच्या वर उदाहरणं होती. प्रत्येकापुढे लाल पेनाने बरोबरची खूण. इतक्या नाइलाजाने केलेल्या खुणा मी आजवर पाहिल्या नव्हत्या.

त्यानंतर मीही त्यांच्या कटात सामील झालो. रोज संध्याकाळी जिन्यात विचारायचो, "सापडली?" सर मान हलवायचे.

आणि एका बुधवारी, जन्मात पहिल्यांदा, सरांनी माझी बेल वाजवली. हातात छापून आणलेला कागद.

"एकशेवीस मीटर लांबीची आगगाडी. तीनशेऐंशी मीटरचा पूल. वेग सेकंदाला वीस मीटर. पूल पूर्ण ओलांडायला किती वेळ? हे म्हणतात एकोणीस सेकंद! गाडीची लांबी धरलीच नाही हो! इंजिन पलीकडे गेलं आणि मागचे डबे पुलावरच!" त्यांनी कागद माझ्या नाकासमोर धरला. "आत माणसं आहेत त्या डब्यांत."

"म्हणजे पंचवीस," मी म्हणालो. भिंतीची कृपा.

"यायलाच पाहिजे," सर म्हणाले. "रविवारी दहाला या. साक्षीदार हवा."

रविवारी मी आंघोळ करून, चांगला शर्ट घालून हजर. टेबलावर फोन, शेजारी तो कागद, एकोणीसभोवती लाल वर्तुळ. दहाला घंटी वाजली. सरांनी स्पीकरचं बटण दाबलं.

"मुक्ता, ती वेबसाइट उघड. आगगाडी आणि पुलाचं उदाहरण. उत्तर वाच."

तिकडे फोन आणि इंटरनेट एकदम चालत. तेव्हाची ही केवढी श्रीमंती! खटखट ऐकू आली.

"पंचवीस सेकंद," मुक्ता म्हणाली. "आधी गाडीची लांबी मिळवायची, असंही लिहिलंय. बरोबर आहे ना, आजोबा?"

मी चमकून कागदावरच्या एकोणीसकडे पाहिलं. सर मात्र दचकले नाहीत. मला लगेच संशय आला. मी हळूच कागद उचलला. खाली दुसरा कागद होता, वेबसाइटवाल्यांचं उत्तर. वर 'डिअर स्टुडंट'. चूक दाखवल्याबद्दल आभार, दुरुस्ती केली आहे, असाच अभ्यास करत राहा. खाली टाळ्या वाजवणारं अस्वल.

"सर," मी कुजबुजलो, "तुम्हीच कळवलंत?"

त्यांनी फोनवर तळवा ठेवला. "बुधवारीच. तुमच्याकडून निघालो तो परत कॅफेत गेलो. रविवारपर्यंत किती पोरं ते उदाहरण वाचणार? तोवर डबे पुलावर ठेवायचे?"

"मग तिला सांगा ना!"

"पेपर कोणी तपासला ते मुलांना सांगत फिरायचं नसतं." आणि तळवा काढून शांतपणे म्हणाले, "बरोबर आहे, बाळा. चांगली वेबसाइट आहे. त्यांच्याकडेच शीक."

"मग ठेवू, आजोबा?"

सरांचा हात बटणाकडे गेला. तो हात मी घट्ट धरला आणि फोनवर वाकून, त्यांच्याच पट्टीत ओरडलो,

"अगं मुक्ते, ठेवू नकोस! ती वेबसाइटसुद्धा तुझ्या आजोबांकडेच शिकवणीला येते!"